जंगी, गोपाळ आणि कदम बाई

कदम बाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. मी शाळेत रुजू झालो तेव्हा मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये माझी ओळख करून दिली, "हे आपटे. भूगोल शिकवतील." बाकीच्यांनी नमस्कार केले. खिडकीजवळच्या खुर्चीत एक उंच बाई बसल्या होत्या. अंगावर सुती साडी आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांनी माझ्या चपलांवर नजर टाकली आणि म्हणाल्या, "डाव्या पायावर वजन टाकत नाही तुम्ही. लहानपणी पडला होतात?"

पडलो होतो. घरच्यांखेरीज ते कोणाला माहीत नव्हतं, आणि चालताना ते दिसतं हे तर मलाही माहीत नव्हतं.

"मग जिना चढताना कठडा धरत जा. लाज वाटायची काही जरूरत नाही," एवढं सांगून त्यांनी पर्समधून गूळ-शेंगदाण्याची पुडी काढली आणि मलाही मूठभर दिले. पुढे त्या निवृत्त होईपर्यंत आम्ही त्याच स्टाफरूममध्ये बसलो, आणि ती पुडी कधी रिकामी झालेली मी पाहिली नाही.

बाई आमच्या शाळेत खेळ शिकवायच्या. मुलं त्यांना 'कदम मॅडम' म्हणत, आम्ही 'बाई'. घराणं दख्खनेतून आलेल्या शिपाईगड्यांचं. कितव्या पिढीपासून ग्वाल्हेरात आहोत हे त्यांना विचारलं तर म्हणायच्या, "आमचे लोक घोड्यावरून आले, मी स्कूटीवरून जाते. यापुढचा इतिहास मला माहीत नाही." मराठी अस्सल ग्वाल्हेरी. वाक्याची सुरुवात मराठीत व्हायची, मध्ये हिंदीचा एखादा मोहल्ला लागायचा आणि शेवटी गाडी पुन्हा मराठीत यायची. रागावल्या की मात्र पूर्ण हिंदी. त्यामुळे राग आला आहे की नाही हे मुलांना आधीच कळायचं.

त्यांच्या स्वभावातली एक गोष्ट सगळ्या शाळेला ठाऊक होती. कुठलीही निवड त्या घाईने करत नसत. वापरून बघितल्याशिवाय त्यांचं मत होत नसे, आणि वापरून बघण्याची त्यांची पद्धत दुकानदारांना घाम फोडणारी होती. एकदा कूलर घ्यायला त्या मला नया बाजारात घेऊन गेल्या. दुकानदाराने दोन कूलर दाखवले आणि दोन्हींचे गुण सांगायला सुरुवात केली. बाईंनी त्याला हाताने थांबवलं, दोन्ही कूलरांत पाणी भरायला लावलं आणि समोर स्टूल ओढून बसल्या. आधी एक चालू, मग दुसरा. बाहेर लूच्या गरम झळा सुटल्या होत्या, आम्ही आत गार हवेत. दुकानदाराने एकदा लस्सी मागवली, मग चहा मागवला, आणि शेवटी हात जोडले, "मैडम, दोनों ठंडे हैं, कोई भी ले लो."

"ठंडे तो दोनों हैं," बाई म्हणाल्या, "पण या मोठ्याच्या आवाजात आपल्याला ओरडून बोलावं लागतंय. घरी माझे मिस्टर हळू बोलतात." आणि त्यांनी लहान कूलर घेतला.

ते हळू बोलणारे मिस्टर म्हणजे भाऊसाहेब. वीज खात्यातून निवृत्त झालेले, सडपातळ, नीटनेटके. बारा महिने हातात छत्री. ही छत्री ऊन-पावसासाठी नव्हती, कुत्र्यांसाठी होती. लहानपणी गल्लीत एक कुत्रा त्यांना चावला होता, आणि तेव्हापासून भाऊसाहेब घरातून निघताना आधी रस्त्यावर कुत्रा कुठे बसलाय ते बघत आणि मग स्वतः कुठून जायचं ते ठरवत. साबुदाण्याची खिचडी त्यांच्यासारखी ग्वाल्हेरात कोणी करत नसे. बाईंना स्वयंपाकाचा कंटाळा, त्यांना हौस. संसार छान चालला होता.

मुलांच्या बाबतीतही बाईंची निवड अशीच. खो-खोचा संघ निवडायचा असला की त्या खेळ चालू असताना फारसं बघत नसत. खेळ संपल्यावर बघत. कोण पाण्याकडे आधी धावतं, कोण खांब उचलून आत ठेवतं, हरल्यावर कोण कोणाशी काय बोलतं. नीलिमा नावाची एक किरकोळ मुलगी त्यांनी अशी उचलली. ती पळण्यात पाचवी-सहावी यायची, तरी बाईंनी तिला संघात घेतलं. पालक भांडायला आले. बाई म्हणाल्या, "पळणं मी शिकवीन. दमल्यावर दुसऱ्यांकडे बघायला मला शिकवता येत नाही, ते तिला येतं." ही नीलिमा पुढे जनावरांची डॉक्टर झाली आणि जम्मूकडे गेली. ती या गोष्टीत पुन्हा येणार आहे, म्हणून तिचं नाव सांगून ठेवतो.

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण त्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. वार्षिक क्रीडा समारंभ होता. सप्टेंबरचं ऊन. पाहुणे येईनात. मुलं मैदानावर रांगेत उभी, पांढरे गणवेश, हातात झेंडे. मुख्याध्यापक घड्याळ बघत मांडवात येरझाऱ्या घालत होते. पाहुण्यांना शिस्तबद्ध रांगा दिसल्या पाहिजेत असा त्यांचा आग्रह. बाई रांगांमधून एक फेरी मारून आल्या, शिट्टी काढली आणि फुंकली. सगळी मुलं त्यांच्याकडे बघायला लागली. "पूरा स्कूल, पेड़ों के नीचे. दौड़ना नहीं, चलके जाना." मैदान रिकामं झालं. नेमके त्याच वेळी पाहुणे आले. त्यांना दिसलं ते असं: मोकळं मैदान, कडुनिंबाखाली बसून पाणी पिणारी मुलं, आणि मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या बाई. मुख्याध्यापक आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. "पोर आधी, परेड नंतर," एवढंच त्या मला म्हणाल्या.

निवृत्तीनंतर बहुतेक शिक्षक नातवंडं किंवा देवळं धरतात. बाईंनी शेळ्या धरल्या. तिघरा धरणाच्या रस्त्याला कदमांची वडिलोपार्जित थोडी जमीन होती, अर्धी खडकाळ, अर्धी बाभळींची. तिथे त्यांनी एक खोली, एक गोठा आणि काटेरी कुंपण उभारलं आणि लांब कानांच्या, नाकाडीला बाक असलेल्या देखण्या जमनापारी शेळ्या आणल्या. जवळच्या गावातली रामकली नावाची पन्नाशीची बाई चारायला ठेवली. बाई रोज सकाळी थाटीपुरहून स्कूटीने जात आणि दिवेलागणीला परत येत. भाऊसाहेब महिन्यातून एकदा, डबा घेऊन, छत्रीसह.

पहिल्याच थंडीत अडचण आली. मागच्या टेकड्यांतून लांडगे उतरायला लागले. एक पाठ, म्हणजे तरणी शेळी, गेली, मग दोन करडं गेली. रामकली म्हणाली, "जिज्जी, अब हम अकेले नहीं ले जाएँगे." तिचं बरोबर होतं. बाई मला म्हणाल्या, "आपटे, आता कुत्रा पाहिजे. भुंकणारा नको, सांभाळणारा."

असे कुत्रे डोंगरातले धनगर पाळतात हे त्यांना माहीत होतं. शेळ्या-मेंढ्यांतच वाढलेले, वासराएवढे मोठे, कळपाला आपलं घर मानणारे. शोधाशोध सुरू झाली आणि दोन बाजूंनी दोन निरोप आले. मुरारमध्ये राहणारे सुभेदार ठाकूर मूळचे हिमाचलातल्या चंब्याचे, ते म्हणाले, आमच्या गद्दी लोकांच्या कुत्र्यासारखा कुत्रा दुनियेत नाही, माझ्या भावाच्या कळपातला एक देतो. दुसरा निरोप नीलिमाचा: मॅडम, इकडचे बकरवाल लोक पीर पंजाल चढतात-उतरतात ते ज्या कुत्र्यांच्या भरवशावर, त्यातला एक मी तुमच्यासाठी बघून ठेवलाय.

गद्दी की बकरवाल? बाईंनी नेहमीप्रमाणे उत्तर दिलं नाही. दोघांना सांगितलं, "भेज दीजिए. ट्रायल घेईन. एक राहील, एक परत जाईल. वाईट वाटून घ्यायचं नाही."

डिसेंबरच्या शेवटी दोन्ही आले. दोघेही वर्षभराचे, आधीच कळपात राहिलेले. गद्दी काळाभोर, छातीवर पांढरा पट्टा, मानेभोवती आयाळीसारखे दाट केस. सुभेदारांनी त्याचं नाव सांगितलं, जंगी. दुसरा मातकट पिवळा, पायांनी उंच, केस जरा आखूड, शेपूट झुपकेदार. तो 'सुलतान' हे नाव घेऊन आला होता. बाईंनी ते तिथल्या तिथे बदललं. "सुलतान नाव ठेवलं तर काम कोण करणार? गोपाळ म्हणू." मग त्या दोघांचे पंजे हातात घेऊन, बोटं फाकवून, तळवे दाबून त्यांनी बराच वेळ बघितले. दोन्ही कुत्र्यांनी बघू दिलं. मी आणि भाऊसाहेब गाडीत काचा वर करून बसलो होतो.

दोन तरणे कुत्रे एकत्र ठेवले तर भांडतील, म्हणून एक दिवस जंगी कळपाबरोबर, एक दिवस गोपाळ. ज्याची पाळी नसेल तो खोलीमागच्या आवारात.

जंगीने पहिल्या महिन्यातच गाव जिंकलं. जानेवारीतली संध्याकाळ होती, धुकं उतरत होतं, रामकली शेळ्या परत आणत होती. मोहरीच्या शेतातून दोन लांडगे निघाले. जंगी असा सुटला की मोहरीत नुसती एक रेघ पडत गेलेली दिसली. तो त्यांना टेकडीपलीकडे घालवून, नाकावर ओरखडा घेऊन परत आला, तेव्हा आजूबाजूच्या शेतातली माणसं गोळा झाली होती. त्याला गुळाची भेली दिली गेली, जी बाईंनी लगेच काढून घेतली. सुभेदार ठाकूर दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून खास आले आणि जंगीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "देखा मैडम? फ़ौजी है."

गोपाळची मात्र गोष्टच होत नसे. त्याच्या पाळीच्या दिवशी काही घडायचंच नाही. तो कळपाच्या कडेने हळूहळू चालायचा, उंचवट्यावर जाऊन बसायचा, मध्येच उठून दुसऱ्या उंचवट्यावर जायचा. कधी टेकडीकडे तोंड करून जाड आवाजात चार-दोनदा भुंकायचा. काय होतं तिकडे, कोणाला दिसायचं नाही. शेळ्या चरून घरी यायच्या, संपलं.

सगळ्यांचं मत झालं होतं. माझंही. मी म्हणालो, "बाई, आता कसली ट्रायल? जंगीच ठेवा."

बाई जंगीच्या मानेतली कुसळं काढत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "थंडीत कोणीही पळतं, आपटे. मे महिन्यात बघू."

त्यांना जंगी आवडत नव्हता असं नाही. उलट, फार आवडत होता. तो त्यांच्या स्कूटीचा आवाज वळणावरूनच ओळखायचा आणि कुंपणाशी येऊन असा उभा राहायचा की बाई हेल्मेट काढायच्या आधी त्याच्याशी बोलायला लागायच्या. चाळीस वर्षं मुलांत घालवलेल्या त्या बाईने एखाद्या विद्यार्थ्याचे उघड लाड केलेले मी पाहिले नव्हते. जंगीचे करत. त्याच्यासाठी भाऊसाहेबांकडून बिनमिठाच्या भाकऱ्या करून घेत. गोपाळलाही त्याच भाकऱ्या, पण त्याला देताना नुसतं "घे" म्हणत.

मग ग्वाल्हेरचा उन्हाळा आला. आमचा उन्हाळा ज्यांनी काढला नाही त्यांना तो सांगून समजत नाही. किल्ल्याचा डोंगर दुपारी पांढरा दिसायला लागतो आणि रस्त्यावर फक्त ज्याला इलाज नाही तोच असतो. बाईंनी आधीच तयारी केली होती. बाभळींखाली गवताचं छप्पर घातलं, वाळूचा मोठा खड्डा करून त्यात पाणी सोडलं, वाळ्याचे पडदे लावले. शेळ्या पहाटे आणि संध्याकाळी सोडायच्या, दुपारभर सावलीत.

गोपाळने तो ओल्या वाळूचा खड्डा पहिल्या दिवशी हुंगला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा मालक झाला. सकाळचं चरणं संपलं की तो त्यात पोट टेकून पसरायचा. एक डोळा बंद, एक अर्धा उघडा. ऊन कललं की उठून अंग झाडायचा आणि कामाला लागायचा. हे बकरवाल जातीचं म्हणायचं की त्या एकट्याचं, मला ठाऊक नाही.

जंगीला खड्ड्यात बसवलं की तो बसायचा, पण एखादी शेळी उन्हात सरकली की हा उठून तिच्यापाशी. शेळीला उन्हाचं काही नव्हतं, याच्या अंगावर दाट लोकर. बाई त्याला परत आणायच्या, तो परत जायचा. खाणं कमी झालं. त्याची आयाळ बाईंनी कात्रीने हलकी केली, ओले टॉवेल घातले. तो टॉवेल अंगावर घेऊनच शेळीमागे जायचा. रामकलीला हसू यायचं. बाईंना आलेलं मी पाहिलं नाही.

एका दुपारी मी तिथे होतो. गाभण शेळी कुंपणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली होती आणि जंगी तिच्याजवळ उघड्यावर. तो दोन पावलं चालला, त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकले आणि तो खाली बसला. नुसता बसला. पण बाईंनी त्याचे पाय बघितले होते. आवारातून त्या धावल्या. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणाऱ्या बाई, त्या धावल्या. मी आणि रामकलीने मिळून त्याला चादरीवर घालून सावलीत आणलं. जीभ बाहेर, डोळे काचेसारखे. बाईंनी त्याच्या पोटावर, मांड्यांच्या आत, पंज्यांवर पाणी ओतायला सुरुवात केली. ओतत होत्या आणि पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. रामकली पळत जाऊन पाणी आणत होती. मी शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते येईपर्यंत बाई मधून मधून म्हणत होत्या, "बस, बस. हो गया. अब नहीं दौड़ना."

संध्याकाळी जंगीने डोकं उचललं आणि पहिल्यांदा कुठे बघितलं असेल तर शेळ्यांकडे. डॉक्टर म्हणाले, वाचला. बाईंनी ओल्या साडीनेच पायरीवर बैठक मारली.

"ट्रायल संपली," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "त्याला आत ठेवता येईल, बाई. पावसाळा आला की..."

"पुढल्या वर्षी परत मे येईल. त्याला थांबता येत नाही, आपटे. ज्याला थांबता येत नाही त्याला थांबवायचं काम माझं होतं. मी उशीर केला."

"पण तुम्हाला तो..."

"आवडतो. आवडणं वेगळं, निवडणं वेगळं."

सुभेदार ठाकूर आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. जंगीच्या डोक्यावर हात ठेवून ते उभे राहिले आणि म्हणाले, "तो हमारा फेल हो गया?"

बाई उठून उभ्या राहिल्या. "फेल नहीं हुआ, सूबेदार साहब. मैदान ग़लत था. मैदान मैंने चुना था." मग म्हणाल्या, "इसको मैं ख़ुद छोड़ने जाऊँगी. इसके अपने पहाड़ पे."

रेल्वेच्या डब्यात सामानाबरोबर कुत्रा पाठवायला त्या तयार नव्हत्या. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची गाडी ठरली. ऊन उतरल्यावर निघायचं, सकाळी ऊन चढायच्या आत जितकं उत्तरेला जाता येईल तितकं जायचं. पण गाडी चालवणारा एक, रस्ता सांगायला पुढे बाई, मग मागच्या सीटवर जंगीला ओला टॉवेल कोण घालणार? सुभेदारांचा रक्तदाब चढलेला, डॉक्टरांनी त्यांना लांबचा प्रवास मना केलेला. माझ्या घरी आजारपण होतं. बाई माझ्या नावाची आशा सोडून फोनवर कोणाकोणाला विचारत होत्या, तेवढ्यात स्वयंपाकघरातून हळू आवाज आला, "मी येतो."

बाईंनी वळून बघितलं. भाऊसाहेब दारात उभे. हातात उलथनं.

"अहो, जंगी आहे तो," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे. त्याच्याच भाकऱ्या करतोय."

पुढचं मला भाऊसाहेबांनी परत आल्यावर सांगितलं. पहिल्या टप्प्यात ते सीटच्या एका टोकाला दाराला चिकटून, छत्री मध्ये आडवी, आणि हात लांब करून टॉवेल घालत होते. जंगी दमलेला होता. आग्र्यापुढे कुठेतरी त्याने एक मोठा उसासा टाकला आणि आपलं भलंमोठं डोकं छत्रीवरून उचलून भाऊसाहेबांच्या मांडीवर ठेवलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. उठवणार कसं? झोपला होता." भाऊसाहेब जरा लाजले. "पाय बधिर झाला हो. पण हललो नाही. पंजाबात शिरलो तेव्हा छत्री खाली पडलेली होती. मी उचलली नाही."

चंब्याकडे सुभेदारांचे भाऊ मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांकडे निघालेच होते. गाडी जिथपर्यंत जाते तिथे कळप थांबवून ते वाट बघत होते. दार उघडलं, जंगी उतरला. खाली ओढा वाहत होता, त्याचं पाणी तो पोटभर प्यायला, अंग झाडलं, दोन भाकऱ्या खाल्ल्या. इतक्या दिवसांत त्याने पहिल्यांदा मागून खाल्लं. मग कळप हलला. जंगीने मान वर केली, वारा घेतला आणि कळपाच्या डाव्या कडेने चालायला लागला.

"मागं वळून बघितलं नाही त्यानं," बाई मला हे सांगत होत्या तेव्हा त्यांच्या आवाजात अभिमान होता, एखादी मुलगी राज्याच्या संघात गेली की असायचा तसा. "एकदासुद्धा नाही, आपटे. सरळ कामाला." एवढं बोलून त्या बाहेर कपडे वाळत घालायला गेल्या.

त्या बाहेर गेल्यावर भाऊसाहेब हळूच म्हणाले, "परतताना ही मागे माझ्याशेजारी बसली. पठाणकोट आलं तेव्हा म्हणाली, अहो, सीटवर केस पडलेत, पुसायला हवेत. फडकं हातात घेतलं, आणि तसंच धरून बसली ग्वाल्हेरपर्यंत."

गोपाळ राहिला. त्याला सगळं आवार मिळालं, दररोज पाळी मिळाली, आणि त्याने त्याबद्दल काही आनंद दाखवला नाही. पावसाळ्यात त्याने बाभळींच्या पलीकडे आपल्या फेरीचा एक रस्ता पाडला. रामकली आता एकटी कळप घेऊन टेकडीच्या पायथ्यापर्यंत जायला लागली. दुसरी थंडी आली, लांडग्यांचं लांब सुरातलं ओरडणं टेकडीवरून ऐकू यायचं, गोपाळचा जाड आवाज खालून, आणि सकाळी गोठ्यात सगळी जनावरं जागच्या जागी. एकही करडू गेलं नाही. बाईंनी नीलिमाला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं, "तुझ्यासारखाच आहे. पाचवा-सहावा येतो, पण दुसऱ्यांकडे बघतो." पलीकडून ती जोरात हसली.

सुभेदार ठाकुरांचा रुसवा सुटायला जंगीचा एक व्हिडिओ कामी आला. भावाने पाठवलेला. हिरव्या उतारावर मेंढ्या, आणि वर एका दगडावर तो काळाभोर, आयाळ पुन्हा भरलेली, वारा खात उभा. सुभेदार तो मोबाईल घेऊन स्वतः शेळ्यांपाशी आले, बाईंना दाखवला, रामकलीला दाखवला, गोपाळलाही दाखवायला निघाले होते. त्या दिवशी भाऊसाहेबांनी सगळ्यांना खिचडी घातली. बाईंनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "पाय बघा. कसा उभा आहे बघा. चारही पायांवर सारखं वजन."

भाऊसाहेब नंतर तिथेच राहायला गेले. खोलीला दुसरी खोली जोडली, स्वयंपाकघर मोठं केलं. मी विचारलं, "गोपाळशी जमलं का?" ते विचार करून म्हणाले, "आमचं बोलणं नाही. पण ओळख आहे." खरंच तसं होतं. भाऊसाहेब अंगणात आले की गोपाळ मान जरा हलवायचा, भाऊसाहेब जरा मान हलवायचे, आणि दोघं आपापल्या कामाला जायचे.

यंदा मी ग्वाल्हेर सोडलं. मुलगी इंदूरला, तिने आग्रह धरला, आणि एकट्याने स्वयंपाक करायचा मलाही कंटाळा आला होता. जायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला तिघऱ्याच्या रस्त्याला गेलो. फेब्रुवारीचं कोवळं ऊन. खाटेवर बसून आम्ही हरभऱ्याचे घाटे सोलून खाल्ले. बाईंचे गुडघे आता फार दुखतात, पण बूट तेच. इंदूरला कुठे राहणार, फिरायला मैदान आहे का, जिना आहे की लिफ्ट, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं. भाऊसाहेबांनी डबा भरून दिला. मला काहीतरी बोलायचं होतं, इतक्या वर्षांचं काहीतरी. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात कुंपणापलीकडून एका करडाचं केविलवाणं ओरडणं ऐकू आलं.

"अडकलं वाटतं कुठं. तुम्ही निघा आपटे, उजेडात पोचाल," म्हणत बाई उठल्याच.

मी गाडी वळवली. गोपाळ उठून कुंपणाशी आला. गाडी आणि कळप यांच्या मध्ये राहून तो माझ्याबरोबर कुंपणाच्या टोकापर्यंत चालत आला आणि जिथे शेळ्यांची हद्द संपते तिथे थांबला. त्याच्या मागे, बाभळीच्या काट्यांत कंबरेपर्यंत वाकून, कदम बाई त्या करडाचा पाय सोडवत होत्या. पाठ माझ्याकडे होती. साडीचा पदर काट्यांत अडकला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. भाऊसाहेब तिकडे जायला निघाले होते, पदर सोडवायला. मी हॉर्न वाजवला नाही. करडू घाबरलं असतं.